चॉकलेट चिप कुकी: पाच कृतींतून आपली एक कशी निवडावी

कागदावर सगळ्या कृती बहिणी-बहिणींसारख्या दिसतात. मैदा, बटर, दोन प्रकारची साखर, अंडं, सोडा, चिप्स. भाजल्यावर मात्र एक ट्रेभर पसरते, दुसरी केकसारखी फुगते, तिसरी दुसऱ्या दिवशी दगड होते. मग आपण म्हणतो, ‘पहिली कृती फसली, दुसरी चांगली.’ पण बऱ्याचदा फसलेली असते ती आपली मोजणी. कपात मैदा दाबून भरला होता, ट्रे आधीच्या घाण्याने तापलेला होता, किंवा कुकीज दोन मिनिटं जास्त आत राहिल्या. हे फरक बाजूला काढल्याशिवाय कृतींची तुलना होत नाही. म्हणून पुढचं निम्मं काम चव घेण्याच्या आधीचं आहे.

कृती आधी ग्रॅममध्ये आणा

वजनकाटा नसेल तर ही खटपट सुरूच करू नका. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा काटा पुरतो. चमच्याने अलगद भरून वरून सपाट केलेल्या अमेरिकी कपात सुमारे १२० ग्रॅम मैदा बसतो. तोच कप डब्यात खुपसून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. सव्वादोन कपांच्या कृतीत हा फरक ६५ ग्रॅमच्या वर होतो, म्हणजे कोणी न सांगता अर्धा कप मैदा जास्त पडतो. शिवाय अमेरिकी कप साधारण २४० मिलिलिटरचा आणि मेट्रिक कप २५०चा असतो. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा, पण ऑस्ट्रेलियन कृतींत २०चा. कृती कुठली आहे हे पाहूनच आकडा बदला.

बाकीच्यांसाठी हे आकडे धरा: कपभर पांढरी साखर २०० ग्रॅम, दाबून भरलेली ब्राऊन शुगर सुमारे २१३, बटर २२७, कवच काढलेलं मोठं अंडं ५०, त्यातला बलक १८ ते २०.

आता मैद्याला १०० धरून प्रत्येक जिन्नस टक्क्यांत लिहा. बेकरीतले लोक असंच लिहितात, आणि ही सवय लागली की कृती न करताही तिचा स्वभाव कळू लागतो. उदाहरणार्थ, या कुकीची मूळ कृती १९३०च्या दशकात रूथ वेकफिल्ड यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या व्हिटमन इथल्या टोल हाउस इनमध्ये बसवली. तिचं आज चिप्सच्या पाकिटावर छापलं जाणारं रूप असं: सव्वादोन कप मैदा, एक कप बटर, दोन्ही साखरा पाऊण-पाऊण कप, दोन अंडी, एक छोटा चमचा सोडा, एक छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा व्हॅनिला, दोन कप चिप्स. टक्क्यांत मांडलं तर बटर ८४, साखर दोन्ही मिळून ११५, अंडं ३७. याच कृतीत मैदा कप दाबून भरला की बटर ८४वरून थेट ६७वर येतं. हातात कागद तोच, पण कृती दुसरीच झाली.

टक्के कसे वाचायचे? बटर ८०च्या वर आणि साखर ११०च्या वर असेल तर कुकी पसरणार, कडा पातळ होणार. बटर ६०-७०च्या आसपास असेल तर जाड आणि भरीव होणार. पांढरी साखर जास्त असेल तर कुरकुरीत. ब्राऊन शुगर जास्त असेल तर मऊ, चिवट आणि रंगाला गडद, कारण तिच्यातलं मोलॅसिस, म्हणजे काकवीसारखा गडद पाक, ओलावा धरून ठेवतं. जास्तीचा बलक घातला की पोत दाट होतो. अंड्याचं पांढरं जास्त झालं की कुकी कोरडी, केककडे झुकणारी. बेकिंग सोडा पीठ कमी आम्ल करतो, त्यामुळे कुकी पसरते आणि तपकिरी रंगही चांगला येतो. बेकिंग पावडर तिला वर उचलते.

दोन कृतींचे सगळे आकडे पाच टक्क्यांच्या आत जुळत असतील आणि पद्धतही तीच असेल, तर त्या दोन कृती नाहीत. एक काढून टाका. ‘खास गुपित’ म्हणून सांगितलेला अर्धा चमचा कॉर्नफ्लोर किंवा चिमूटभर कॉफी पहिल्या फेरीत धरूच नका.

चार किंवा पाच, त्याहून जास्त नाही

सहाव्या कुकीपर्यंत जीभ गोडाने बधिर होते. म्हणून एकमेकींपासून खरोखर लांब असलेल्या कृती निवडा. एक बटर-साखर फेसून केलेली, एक वितळलेल्या बटरची, एक तपकिरी होईपर्यंत कढवलेल्या बटरची, एक रात्रभर थंड ठेवलेल्या पिठाची, आणि हवी तर एक पातळ कुरकुरीत. ओट्स, सुकामेवा, पीनट बटर यांतलं काही असलेल्या कृती या फेरीत नकोत. बिनअंड्याच्या कृतींचीही वेगळी फेरी करा. त्यांचा पोत मुळातच निराळा असतो, आणि अंड्याच्या कुकीशेजारी ठेवल्या की कृती चांगली असूनही त्या उगाच मागे पडतात.

प्रत्येक कृती अर्धी करा. मूळ कृतीचं अर्ध माप असं: मैदा १३५ ग्रॅम, बटर ११३, पांढरी साखर ७५, ब्राऊन शुगर ८०, एक अंडं, सोडा अर्धा चमचा, मीठ ३ ग्रॅम, व्हॅनिला अर्धा चमचा, चिप्स १७०. यात ४० ग्रॅमचे पंधरा गोळे निघतात. हीच तुमची पायाभूत कृती, बाकीच्या हिच्याशी ताडून पाहायच्या. एखाद्या कृतीत तीन अंडी असतील तर अंडी फेटून निम्मं वजन घ्या. अंदाजाने ‘दीड अंडं’ ओतू नका.

सामान एकाच पाकिटातलं

मैदा, बटर, साखर आणि चॉकलेट पाचही कृतींना एकच वापरा. चॉकलेट बदललं तर शेवटी तुम्ही चॉकलेटची तुलना केलेली असते. चिप्समध्ये कोको बटर कमी असल्यामुळे त्या भाजल्यावरही आकार धरून राहतात. चिरलेली वडी वितळून थर धरते. दोन्ही छान, पण पहिल्या फेरीत एकच काहीतरी ठरवा.

बटर बिनमिठाचं घ्या. खारट बटरमध्ये साधारण दीड ते दोन टक्के मीठ असतं, म्हणजे ११३ ग्रॅममध्ये जवळपास दोन ग्रॅम. आपल्या अर्ध्या मापात मीठच तीन ग्रॅम आहे, तेव्हा हा फरक जिभेला ठळक लागतो. मीठही चमच्याने मोजू नका. जाड खड्यांचं मीठ चमच्यात बारीक मिठाच्या निम्मंच भरू शकतं.

सगळ्यांत जास्त घोटाळा ब्राऊन शुगरचा. सुट्या, चमकदार, मोठ्या दाण्यांची तपकिरी साखर कृतींमधली ब्राऊन शुगर नव्हे. हवी ती साखर ओलसर असते आणि मुठीत दाबली की मूठ उघडल्यावर बोटांच्या खुणांसकट गोळा तसाच राहतो. मोठ्या दाण्यांची साखर फेसताना विरघळत नाही, आणि कुकी कोरडी, रवाळ होते. तशीच साखर मिळत असेल तर निदान पाचही कृतींना तीच वापरा.

ओव्हन ओळखून घ्या

ओव्हनचं बटण १८० म्हणतं तेव्हा आत १८० असेलच असं नाही. दहा-वीस अंशांचा फरक सर्रास असतो. आत ठेवायचा थर्मामीटर घ्या आणि ओव्हन किमान वीस मिनिटं तापू द्या. मग एकदा ट्रेभर पावाचे तुकडे मांडून भाजा. कुठला कोपरा आधी काळवंडतो ते लगेच दिसतं, त्या कोपऱ्यात कुकी ठेवायची नाही. पंख्याचा ओव्हन असेल तर कृतीतल्या तापमानातून १५ ते २० अंश कमी करा. एका वेळी एकच ट्रे, मधल्या कप्प्यात.

गडद रंगाच्या ट्रेमध्ये तळ लवकर भाजतो. सिलिकॉनच्या चटईवर कुकी जास्त पसरते आणि तळाला रंग कमी येतो. बेकिंग पेपर बरा. काहीही वापरा, पण पाचही घाण्यांना तेच.

पीठ

फेसण्याच्या कृतीत बटर १८ ते २० अंशांवर हवं. बोटाने दाबलं की खळी पडते, पण बोट आत घसरत नाही. बटर चकचकीत, तेलकट दिसत असेल तर ते फार मऊ झालंय. त्यात हवा धरली जात नाही, आणि ओव्हनमध्ये गेल्या गेल्या कुकी सांडल्यासारखी पसरते. मध्यम वेगाने दोन-तीन मिनिटं फेसणं पुरे. पाच-सहा मिनिटं फेसलं तर जास्तीची हवा कुकी आधी फुगवते आणि मग खाली बसवते.

वितळलेल्या बटरच्या कृतीत बटर कोमट होऊ द्या आणि मगच अंडं घाला. कढवलेल्या बटरमध्ये एक हिशेब लोक विसरतात. बटरमध्ये १६-१८ टक्के पाणी असतं आणि कढवताना ते उडून जातं. ११३ ग्रॅमचं ९३-९५ ग्रॅमच उरतं. कृती लिहिणाऱ्याने ते धरलेलं असेल तर ठीक. तुम्ही स्वतःच्या मनाने कढवत असाल तर घटलेलं वजन पाण्याने भरून काढा, नाहीतर पीठ भुसभुशीत होतं आणि कुकी पसरतच नाही. पातेलं फिकट रंगाचं घ्या. काळ्या पातेल्यात तळाचे कण तपकिरी झाले की जळाले ते कळत नाही. फेस बसून खमंग वास आला की गॅस लगेच बंद करा आणि बटर दुसऱ्या भांड्यात ओता, कारण गरम पातेल्यात ते पुढे शिजतच राहतं.

सोडा मैद्यात चाळून घाला. त्याची गुठळी राहिली तर एखाद्या घासात साबणासारखी चव येते आणि बिचारी कृती त्या एका घासावर नापास होते. मैदा घातल्यावर कोरड्या रेघा दिसेनाशा झाल्या की थांबा. पुढे घोटत राहिलात तर कुकी कडक, रबरी होते.

गोळे वजन करून ४० ग्रॅमचेच करा. एक ३० आणि एक ५० असेल तर मोठी कच्ची असतानाच छोटी करपते. ट्रेवर सहाच गोळे, मध्ये पाच सेंटिमीटर अंतर. दुसरा घाणा गार ट्रेवर. तापलेल्या ट्रेवर बटर कडा धरायच्या आधीच वितळतं आणि त्याच पिठाची कुकी चपटी होते.

थंड ठेवायचं की नाही

चोवीस तास फ्रीजमध्ये राहिलेल्या पिठात अंड्यातलं आणि बटरमधलं पाणी मैद्यात नीट मुरतं, बटर घट्ट होतं, त्यामुळे कुकी कमी पसरते आणि रंग व चव दोन्ही गडद होतात. हा फरक बारीक नाही, सहज कळतो. म्हणूनच आधी ठरवा, तुम्हाला कृती जशा लिहिल्यात तशा ताडायच्या आहेत की फक्त त्यांची प्रमाणं? जशा लिहिल्यात तशा हव्या असतील तर थंड ठेवायचं पीठ आदल्या दिवशी करा, बाकीची त्याच दिवशी. प्रमाणं ताडायची असतील तर सगळ्यांनाच चोवीस तास द्या. एकीला मुरायला रात्र आणि दुसरीला दहा मिनिटं, आणि मग ‘पहिलीची चव खोल’ असा निकाल, हे बरोबर नाही. नवख्यांनी पहिल्या खेपेला सगळ्यांना चोवीस तास द्यावेत. सगळं एकाच दुपारी भाजता येतं आणि धांदल कमी होते.

फ्रीजमधून काढलेल्या गोळ्यांना एक-दोन मिनिटं जास्त लागतात. पीठ झाकून ठेवा, नाहीतर त्याला फ्रीजमधल्या सगळ्याचा वास लागतो.

बाहेर कधी काढायची

इथेच बहुतेक तुलना बिघडतात. ४० ग्रॅमच्या गोळ्याला १८० अंशांवर ११ ते १३ मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा कुकीकडे बघा. कडा सोनेरी आणि घट्ट झालेल्या हव्यात. मधला भाग फिकट आणि जरा फुगलेला हवा, पण ओलसर चकाकी गेलेली हवी. मध्य कच्चा वाटतो तेव्हाच ट्रे काढायचा. पुढची पाच मिनिटं कुकी गरम ट्रेवरच शिजत राहते, मग तिला जाळीवर हलवा. मध्य ओव्हनमध्येच घट्ट दिसायची वाट पाहिली तर गार झाल्यावर ती कडक होते.

एकीच्या कुकीज मऊ काढल्या आणि दुसरीच्या खरपूस, तर कृती बाजूलाच राहते आणि तुलना होते ती भाजण्याची. यावर उपाय असा: प्रत्येक ट्रेवरच्या सहांपैकी तीन आधी काढा, तीन दोन मिनिटांनी. त्या त्या कृतीच्या ज्या तीन चांगल्या वाटतील त्या चवीला ठेवा. आणि प्रत्येक कृतीचा एक गोळा आधी एकटा भाजून पाहा. दहा-बारा मिनिटं जातात, पण अख्खा ट्रे वाचतो.

काढल्यावर फूटपट्टी घ्या. सहा कुकीज ओळीत लावून एकूण लांबी मोजा, मग त्याच सहा एकावर एक रचून उंची मोजा. लांबीला उंचीने भागलं की पसरटपणाचा आकडा मिळतो. ‘जरा जाड वाटली’ यापेक्षा हा आकडा पुढच्या वेळी कामाला येतो.

चव

कच्चं पीठ चाखू नका. अंड्याइतकाच कच्चा मैदाही पोटाला धोक्याचा असतो.

कुकी पूर्ण गार होऊ द्या, साधारण दोन तास. गरम असताना प्रत्येकच छान लागते, कारण वितळलेलं चॉकलेट सगळे दोष झाकतं. प्रत्येक कृतीला ३१८, ५०७, ७४२ असा तीन आकडी नंबर द्या. १, २, ३ किंवा अ, ब, क नकोत, कारण ‘१’ पाहिल्यावर मन आपोआप झुकतं. नंबर कुठल्या कृतीचा हे खाणाऱ्यांपैकी कोणालाही माहीत नसावं. वाटणारा वेगळा असेल तर उत्तम.

तुकडा केक कापतात तसा त्रिकोणी कापा, म्हणजे प्रत्येकाला कडाही मिळते आणि मध्यही. नुसती कडा मिळालेला माणूस कुरकुरीत कुकीला मत देतो. प्रत्येकाला तुकडे वेगळ्या क्रमाने द्या. पहिल्या घासाला नेहमी फायदा मिळतो आणि शेवटच्याला तोंड गोडाने भरलेलं असतं. मध्ये साधं पाणी. खाताना बोलायचं नाही. एकाने ‘वा!’ म्हटलं की टेबलभर तेच मत पसरतं.

दहापैकी गुण मागू नका. सगळे सात-आठ देतात आणि काहीच कळत नाही. त्याऐवजी पहिली ते पाचवी अशी क्रमवारी लावायला सांगा आणि प्रत्येकीबद्दल एक कारण लिहायला सांगा: कडा, मध्य, गोडी, मीठ, बटरचा स्वाद. दुसऱ्या दिवशी हवाबंद डब्यातल्या उरलेल्या कुकीज पुन्हा चाखा. बऱ्याच वेळा निकाल उलटतो. ताजी असताना जिंकलेली पातळ कुरकुरीत कुकी मऊ पडलेली असते आणि ब्राऊन शुगरवाली आता कुठे रंगात आलेली असते. तुम्हाला कुकी केल्याबरोबर संपवायची आहे की चार दिवस डब्यात ठेवायची, यावर निवड अवलंबून आहे. दोन वेगळ्या आवडत्या निघाल्या तरी काही बिघडत नाही.

दोन कृतींत फरक आहे की नाही अशी शंका असेल तर प्रत्येकाला तीन तुकडे द्या, दोन एका कृतीचे, एक दुसरीचा, आणि वेगळा ओळखायला सांगा. सहा जणांपैकी दोघे नुसत्या अंदाजानेही बरोबर येतात. पाच जणांनी ओळखला तर फरक खरा मानायला हरकत नाही. ओळखता आला नाही तर त्यातली सोपी कृती ठेवा.

जिंकलेली कृती आपली करताना

विजेत्या कृतीत एका वेळी एकच बदल करा. साखर आणि मीठ दोन्ही बदलले तर सुधारणा कशामुळे झाली ते समजत नाही. सुरुवात मिठापासून करा, अर्धा ग्रॅम इकडे-तिकडे. कुकी ‘नुसती गोड’ लागते तेव्हा बहुधा साखर जास्त नसते, मीठ कमी असतं.

कुकी फार पसरत असेल तर मैदा पाच टक्के वाढवा किंवा गोळे अर्धा तास थंड करा. मुळीच पसरत नसेल तर मैदा जास्त पडला आहे किंवा गोळा फार गार आहे. पहिल्या दोन मिनिटांनंतर वरून हलकेच दाबून पाहा. केकसारखी होत असेल तर अंड्याच्या पांढऱ्याचा थोडा भाग काढून बलक घाला, आणि पावडर असेल तर कमी करा. दुसऱ्या दिवशी दगड होत असेल तर एक मिनिट आधी काढा, मगच साखरेचं गणित बदला. रंग फिकट आणि चव पिठाळ असेल तर ओव्हनच कमी तापतोय का ते पाहा. तळ जळतो आणि वरचा भाग कच्चा राहतो, तेव्हा ट्रे एक कप्पा वर घ्या किंवा खाली दुसरा ट्रे जोडून दुहेरी करा. ब्राऊन शुगर पूर्ण काढून पांढरी घातली तर सोडाही थोडा कमी करावा लागतो. मोलॅसिसमधलं आम्ल गेल्यावर उरलेला सोडा जिभेवर येतो.

शेवटी जी कृती लिहून ठेवाल तिच्यात जिन्नसांच्या वजनाबरोबर गोळ्याचं वजन, ट्रेचा रंग, कप्पा, थर्मामीटरवरचं तापमान, मिनिटं आणि किती तास मुरवलं तेही लिहा. गोळे करून ट्रेवरच कडक गोठवा, मग पिशवीत भरा. गोठलेले गोळे थेट भाजता येतात. त्यांना दोन-तीन मिनिटं जास्त लागतात आणि ओव्हन दहा अंश कमी ठेवला तर कडा करपत नाहीत. पिशवीवर तारीख आणि कृतीचा तीन आकडी नंबर टाका, नाहीतर महिन्याभराने पिशवी उघडल्यावर त्यातली ३१८ कुठली आणि ७४२ कुठली ते सांगता येत नाही.